मान बरी आहे हो, कमरेचं विचारा

मानेच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झाले. गणपतीच्या चवथीला घरी आलेला प्रत्येक जण आधी गळ्यातल्या कॉलरकडे बघतो आणि विचारतो, मान कशी आहे गं? मान बरी आहे. दुखतंय ते कमरेचं हाड, पण ते कोणाला दिसत नाही ना.

झालं असं की सी-५ सी-६ म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत होती, उजव्या हाताला मुंग्या, चहाचा कप हातातून सुटायचा. डॉक्टरांनी गळ्याला पुढून चीर देऊन गादी काढली आणि त्या जागी माझंच हाड बसवलं, वर टायटॅनियमची पट्टी नि स्क्रू. ते हाड आणलं कुठून, तर कमरेच्या पुढून, बरोब्बर परकराची नाडी येते तिथून. आधी सांगितलं होतं म्हणा, पण मी तेव्हा मानेच्या भीतीत, कंबर कोण ऐकतंय.

पहिला आठवडा आवाज बसलेला, गिळताना घास अडकायचा, उकड्या तांदळाच्या पेजेवर काढला. ते गेलं. हाताच्या मुंग्या तर दुसऱ्याच दिवशी कमी. पण कमर! शिंक आली की जीव जायचा, खाटेवरून उठताना नवऱ्याचा खांदा धरून आधी कुशीवर मग पाय खाली, आणि साडी तर सोडाच, अजून गाऊनवरच आहे. मांडी बाहेरच्या बाजूने बधिर झालीय, हात लावला तर दुसऱ्या कोणाची तरी मांडी वाटते. त्या हाडाजवळूनच एक नस जाते म्हणे, ती दुखावली की असं होतं, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. दुखण्यावर ब्रुफेनसारखं काही घ्यायचं नाही, हाड जुळायला आड येतं म्हणून, मला फक्त पॅरासिटामॉल.

आता कळलं की कमरेचं हाड न घेता कृत्रिम केज, म्हणजे गादीच्या जागी बसणारा छोटा पोकळ ठोकळा, घालूनपण करतात. आपल्या हाडात जिवंत पेशी असतात, चांगलं जुळतं, तेही खरंच. पण तुमच्यापैकी कोणाचं व्हायचं असेल तर हाड कुठनं घेणार हे आधी विचारा, आणि नाडीचे कपडे बाजूला ठेवा.

बाकी, कॉलरमुळे वर बघता येत नाही, त्यामुळे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगून बांधलेली माटोळी मला दिसेचना. शेवटी जाऊबाईंनी फोटो काढून मोबाईल डोळ्यांसमोर धरला तेव्हा कळलं, तोरिंजनाचं फळ लावायचं विसरलेत!