आणि परिसर

बुधवारची दुपार. जेवणं उरकलेली, भांडी तशीच पडलेली, आणि पेपरच्या आतल्या पानावर, शब्दकोड्याच्या जरा वर, ती चौकट. ‘गुरुवारी पाणी बंद’. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला खालचा मजकूर वाचायची खरं तर गरजच नाही. देखभाल-दुरुस्तीची तातडीची कामं, आणि शेवटी ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’. शाळेतली प्रतिज्ञा आता मधेच अडखळते माझी. हे वाक्य नाही अडखळत.

मी मात्र यादी वाचते. कुठे कुठे पाणी बंद, ती. पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत. नवऱ्याचं म्हणणं, आपल्याकडे बंद आहे एवढं कळलं की बास, बाकीच्यांच्या नळाशी तुला काय करायचंय? बरोबर आहे त्याचं. पण मला त्या नावांचा क्रम आवडतो. पर्वती जलकेंद्र म्हटलं की आधी ‘शहरातील सर्व पेठा’. कसबा, शनिवार, सदाशिव एरवी एकमेकींच्या पंगतीला बसायच्या नाहीत, इथे तिघींना एकाच पोत्यात घातलेलं. मग दत्तवाडी, लोकमान्यनगर, स्वारगेट, मुकुंदनगर, सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी. आणि शेवटी ‘आणि परिसर’.

आम्ही परिसरात राहतो.

गेली वीस वर्षं. आमच्या कॉलनीला नाव आहे, कमान आहे, कमानीवर ते नाव रंगवलेलं आहे. रिक्षावाल्यांना माहीत आहे, गॅसवाल्याला माहीत आहे, पेपरला नाही. एकदाच छापून आलं होतं, तेही ऱ्हस्वाचं दीर्घ होऊन. मी कात्रण कापून कपाटात ठेवलं, मुलाच्या बक्षिसाचं ठेवलं होतं त्याच्याशेजारी. बातमी ड्रेनेज तुंबल्याची होती.

लहानपणी आम्ही नारायण पेठेत होतो, म्हणजे ‘सर्व पेठा’त. वाड्याच्या चौकात एक नळ, त्याला सात बिऱ्हाडं. पहाटे पाण्याचा आवाज आला की धाकटी काकू उठायची आणि पहिलं काम काय, तर पिंपातलं कालचं पाणी बदाबदा मोरीत ओतायची. का? शिळं झालं म्हणून. साती बिऱ्हाडांत हेच. त्या दहा मिनिटांत वाड्याच्या गटारीला ओढ्यासारखं पाणी यायचं. आणि आजी आतून ओरडायची, “पाणी कसलं शिळं होतंय गं? खडकवासल्यात काय रोज ताजं दळतात?”

आजीचा तांब्यासुद्धा कुणी ओतायचा नाही. उरलेलं तुळशीला, त्यातूनही उरलं तर अंगणात सडा. काकू याला चिकटपणा म्हणायची, अर्थात आजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

वाड्याच्या जिन्यापाशी भिंतीवर माझ्या डोक्याच्या बरीच वर एक रेघ होती. कितीदा चुना लावला तरी आजोबा ती पुन्हा ओढून ठेवायचे. १२ जुलै १९६१. पानशेत. तोही बुधवारच होता. पुराच्या गोष्टी पेठेत सगळ्यांकडे होत्या, वाहून गेलेल्या कपाटांच्या, माळ्यावर काढलेल्या रात्रींच्या. आजी त्या कधी सांगायची नाही. ती सांगायची नंतरचं. धरण फुटलं म्हणजे गावाचं पिण्याचं पाणीही गेलं, हे म्हणे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घरभर गुडघाभर चिखल आणि तो धुवायला नळाला थेंब नाही. आडात गाळ. कळशी घेऊन टँकरची वाट बघत उभी राहिले, एवढं म्हणून ती थांबायची. पुढे विचारलं तर “मग काय, आला टँकर,” म्हणायची.

तसं पुण्याच्या पत्त्यांत पाणी अजून भरपूर आहे. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद. रिक्षा बरोबर नेऊन सोडते, फक्त उतरल्यावर हौद दिसत नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पार शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला होता, त्यातून हे हौद भरायचे. ज्या कात्रजनं पेठांना पाणी पाजलं, ते आता यादीच्या शेपटाशी असतं, आमच्याच आसपास.

जुलै लागला की आमच्या सोसायटीत ‘राम राम’ऐवजी आकडा सांगतात. “चारी मिळून १८ झालं.” खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, सगळी भरली की २९ टीएमसीच्या वर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, पण ते कोण विचारतो? मी एकदा पेन्सिल घेऊन बसले होते. एका टीएमसीचे लिटर होतात २,८३१ कोटी. आमची टाकी दहा हजारांची. म्हणजे एका टीएमसीत आमच्या २८ लाख टाक्या. आकडा नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, बादल्या भर.

तर परवाच्या बुधवारी भरल्या. बादल्या, पिंप, दोन्ही कुकर, पुरणाचं मोठं पातेलं, शिवाय मुलाची शाळेतली वॉटरबॅगसुद्धा. मुलगा आता बंगळूरला नोकरी करतो.

गुरुवारी सकाळी साडेसहाला नळ दोनदा खोकला आणि धो धो सुटला. इतक्या दाबानं आमच्याकडे एरवीही येत नाही. खिडकीतून खाली जोशीकाकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, बंद पुढच्या गुरुवारी आहे. तारीख नाही का वाचलीत?”

यादी वाचली होती.

पुरणाचं पातेलं उचलून मोरीपर्यंत नेलं. तिथे थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग परत आणून ओट्यावर ठेवलं. झाडांना घालता आलं असतं, पण झाडं चारच आहेत.