चढून बसणारी रेस: कार्ब्युरेटर निम्मा निर्दोष निघाला

गेल्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की, पायलट जेट (स्लोसाठी पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) साफ करून आणि फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी) बदलून आमच्या 1988 च्या बुलेटचा स्लो (मूठ न पिळता चालणारी रेस) एकदाचा ठिकाणावर आला. ते विधान मागे घेतो. ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना सिमरोलचा घाट चढून वर आलो, चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडूनही इंजिन खाली यायला तयार होईना. पहिला गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच जरासा सोडला, इंजिनावर ओझे आले, तेव्हा कुठे रेस उतरली. आणि विशेष म्हणजे उतरल्यावर ती खालीच राहिली. पुन्हा थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुन्हा वर जाऊन बसायची. ही खूण मी त्या वेळी नुसती पाहिली. तिचा अर्थ लागायला पुढचे नऊ दिवस गेले.

गाडी मूळची वडोदऱ्याच्या काकांची असल्यामुळे एका मित्राने उंचीचा मुद्दा काढला. वडोदरा जवळजवळ समुद्रसपाटीला आणि इंदूर सुमारे 550 मीटरवर, हे खरे. परंतु उंचीवर हवा विरळ झाली की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते आणि माझ्या प्लगचे पोर्सेलिन तर पांढरेफटक होते. रोग लीनचा (पेट्रोल कमी, हवा जास्त), औषध उलटे.

लीनचा दुसरा पुरावा एअर स्क्रूने (स्लोच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणाऱ्या) दिला. या व्हीएम 24 कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू आत नेला की मिश्रण रिच होते आणि बाहेर काढला की लीन, हे आपणा सर्वांना पाठ आहे. माझ्या गाडीचा उत्तम स्लो जेमतेम अर्ध्या फेऱ्यावर मिळत होता. एक फेराही पूर्ण होत नसेल तर पायलट जेट लहान पडतो आहे किंवा कुठून तरी चोरटी हवा येते आहे, असे समजावे. पहिला संशय मी इंधनावर घेतला. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला केवळ 9 पट; म्हणजे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या जेटमधून सोडले की मिश्रण आपोआप लीनकडे सरकते. फ्लोटच्या चेंबरमध्ये तळाशी साचलेली पांढरी भुकटीही त्याच संशयाला पुष्टी देत होती. माझ्या गाडीतून निघालेल्या जेटवर 25 हा आकडा आहे, मी 27.5 चा मागवला. पण इंधनाच्या फरकाने स्लो थोडा खरखरीत होईल, एवढी रेस चढून बसणार नाही, ही शंका मनातून जाईना.

म्हणून जेटची वाट न पाहता गरम इंजिनावर कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या जॉइंटभोवती इंजिन ऑइलचे चार थेंब सोडले. (या कामासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारणारे लोक मी पाहिले आहेत. तापलेल्या हेडवर तो खेळ मला मान्य नाही.) वरच्या बाजूने तेल आत ओढले गेले आणि दोन-तीन सेकंद रेस स्पष्ट खाली आली. मागच्या वेळी हीच परीक्षा मी थंड इंजिनावर घेतली होती आणि काही सापडले नाही म्हणून जॉइंटला निर्दोष सोडले होते, ही माझी चूक.

कार्ब्युरेटर उतरवून फ्लॅन्जवर (हेडला टेकणाऱ्या त्याच्या सपाट तोंडावर) स्टीलची पट्टी आडवी धरली आणि उजेडाकडे पाहिले. पट्टी फक्त दोन्ही स्टडांच्या कानांवर टेकत होती. मधला भाग आत गेलेला. 0.20 मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) मधल्या फटीतून सहज सरकले. पूर्वीच्या कुणा मेकॅनिकने गळती थांबवण्यासाठी नट जीव खाऊन आवळले असणार. मऊ धातूचे कान हेडकडे वाकतात, मध्यभाग मागे राहतो आणि जितके आवळावे तितकी हवा अधिक शिरते. त्यात ओ-रिंग (जॉइंट बंद करणारी रबरी कडी) इतकी चपटी झाली होती की ती खाचेच्या वर डोकावतच नव्हती.

सियागंजातून वॉटर पेपर आणला, 400 आणि 600 नंबरचा, आणि काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा. स्टड हेडमध्येच राहतात, त्यामुळे फ्लॅन्ज मोकळा घासता येतो. त्याच्या तोंडावर निळ्या मार्करने जाळी काढली, पेपर काचेवर ओला करून ठेवला आणि इंग्रजी आठच्या आकारात, हाताचा भार न देता, घासायला सुरुवात केली. पहिल्या दहा मिनिटांत फक्त कानांवरची शाई गेली. ओ-रिंगच्या खाचेलगतची जशीच्या तशी. चाळीस मिनिटांनी खाचेची डावी बाजू उजळली, तासाभराने उजव्या बाजूची शेवटची निळी रेघ पुसली गेली. ती रेघ जाताना झालेला आनंद ज्यांनी हे काम केले आहे त्यांनाच कळेल. घासल्याने ओ-रिंगची खाच उथळ होते, तेव्हा नवी रिंग फार जाड घेऊ नये, आणि ती पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचीच घ्यावी. पाण्याच्या नळाची स्वस्त रिंग देऊन ‘चालते हो’ म्हणणारे दुकानदार मी टाळतो.

परिणाम कानाने ठरवायचा नाही, असे या वेळी पक्के केले. बुलेटला टॅकोमीटर नाही आणि अ‍ॅमीटरच्या थरथरत्या काट्यावरून अंदाजच बांधता येतो. मग सुचले की चहाच्या टपरीवर मी मोबाइलवर आवाज टिपला होता. त्याचा आलेख उघडला की प्रत्येक स्फोटाचे टोक वेगळे दिसते. दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणून दहा सेकंदांतली टोके मोजून 12 ने गुणायचे. टपरीवर 135 टोके होती, म्हणजे 1620 आरपीएम. फ्लॅन्जनंतर, तेवढ्याच गरम इंजिनावर, 112 म्हणजे 1344. सुधारणा खरी, पण रेस अजूनही चढून बसतच होती. वैतागून मी नव्या कार्ब्युरेटरची किंमत विचारून आलो.

घाटावरची ती खूण तेव्हा आठवली. ओझे दिले की उतरते आणि उतरली की खाली राहते, असे निव्वळ हवेच्या गळतीने का व्हावे? उजवीकडचे पॉइंटचे (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कांचे) झाकण उघडून कॅम बोटांनी पिरगाळला. तो टपकन परतायला हवा होता. माझा अर्ध्यावर येऊन सुस्तावला. पॉइंटच्या प्लेटच्या कडेला आणि बॉडीला मिळून एक ओरखडा मारला, म्हणजे टायमिंग हरवत नाही, आणि प्लेट काढली. खाली ऑटो-अ‍ॅडव्हान्सच्या (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) दोन वजनांपैकी एकाची स्प्रिंग ताणून तिचा आकडा उघडलेला होता. गळतीमुळे रेस थोडी वाढायची, ढिले वजन लगेच बाहेर पडायचे, अ‍ॅडव्हान्स वाढला की रेस आणखी चढायची आणि त्या रेसवर वजन परतायचे नाही. दोन दोष एकमेकांना धरून बसले होते.

आमच्या राजेंद्रनगरातल्या उस्तादांनी भंगारातल्या युनिटच्या दोन स्प्रिंगा काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्या लावून, पॉइंटचा गॅप 0.38 मिलिमीटर ठेवून, गाडी राऊपर्यंत पिटाळून आणली: 77 टोके, 924 आरपीएम, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच रेस खाली. नवा कार्ब्युरेटर रद्द. स्प्रिंगा मात्र थोड्या कडक असाव्यात, कारण मधल्या रेसला पिकअप आळसावला आहे. त्यामुळे योग्य जोडी मिळेपर्यंत 27.5 चा जेट पुडीतच ठेवतो. एअर स्क्रू आता पाऊण फेऱ्यावर आहे, तेव्हा तो लागेल असे दिसते, पण दोन बदल एकदम केले तर श्रेय कुणाला द्यायचे ते कळत नाही.

77 टोकांची ध्वनिफीत काकांना वडोदऱ्याला पाठवली. स्लोबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. फोन करून म्हणाले, ‘‘एक्झॉस्टचा टॅपेट वाजतोय तुझा.’’ पुन्हा ऐकले, वाजतो आहे. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून पुशरॉड (व्हॉल्व्हला ढकलणारी दांडी) बोटांनी फिरवून पाहतो.