जग मिथ्या, तर मग गाडी बघून बाजूला का होता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: जग जर माया आहे, तर तुम्ही वेदान्तवाले रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना कशाला बघता? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेकदा ‘आता सापडलास’ असा भाव असतो. याची एक दंतकथाही आहे. शंकराचार्यांच्या अंगावर कुणी हत्ती सोडला, आचार्य पळाले. लोक हसून म्हणाले, “हत्ती मिथ्या ना? मग पळालात का?” आचार्य म्हणाले, “माझं पळणंही मिथ्याच.” किस्सा झकास आहे, पण त्यानं विचारणारा नुसता गप्प होतो. ग्रंथांतल्या शंकराचार्यांचं उत्तर याहून सरळ आहे.

ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात त्यांचा वाद विज्ञानवादी बौद्धांशी चालतो. बाहेर वस्तू नाहीतच, सगळं जाणिवेतलंच, असं म्हणणाऱ्याला ते सुनावतात: हा म्हणजे जेवून तृप्त होत असतानाच ‘मी जेवत नाही, तृप्तही होत नाही’ म्हणणारा माणूस झाला. लगेच पुढच्या सूत्रावर ते सांगतात की जागेपणीचं जग स्वप्नासारखं नाही. स्वप्नातलं जाग आल्यावर खोटं ठरतं. समोरचा खांब तसा कुठल्याच अवस्थेत खोटा ठरत नाही. ‘जग म्हणजे स्वप्न’ हे वाक्य ज्यांच्या नावावर सर्रास खपवलं जातं, त्यांचंच हे लिखाण! (त्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद मात्र मांडूक्यकारिकांच्या वैतथ्य प्रकरणात जागृती आणि स्वप्न एकाच पंगतीला बसवतात. ही ओढाताण अद्वैतात पुढेही राहिली.)

मग जग मिथ्या कशाच्या बळावर? वांझेचा मुलगा कधी कुणाला दिसत नाही, तो असत्. ब्रह्म कधीच बाधित होत नाही, म्हणजे पुढच्या कुठल्याही ज्ञानानं खोटं ठरत नाही, ते सत्. जग दिसतं, कामाला येतं, जागेपणी-स्वप्नात कुठेच खोटं पडत नाही, पण ब्रह्मज्ञानानं मात्र बाधित होतं. म्हणून ते धड सत् नाही, धड असत् नाही. दोरीवर भासलेला साप प्रातिभासिक (भासापुरता खरा), दोरी व्यावहारिक (रोजच्या व्यवहारात खरी) आणि ब्रह्म पारमार्थिक (कायमचं खरं), अशी ही उतरंड. गाडी आणि तिच्यासमोरचं तुमचं शरीर, दोन्ही व्यावहारिक. तिथे धडक ही धडकच. घोटाळा होतो तो पातळ्यांची सरमिसळ केली की. दुसऱ्याच्या दुःखावर ‘अहो, सगळी माया आहे’ म्हणणारे नेमकं हेच करतात. दुखणं व्यवहारातलं आणि औषध परमार्थातलं. स्वतःची दाढ ठणकली की मात्र तडक डॉक्टरकडे.

मला विचाराल तर निम्मा गैरसमज त्या दोरीनंच केलाय. दिवा आणला की साप नाहीसा होतो, म्हणून ज्ञान झालं की जगही नाहीसं होणार, अशी आपली समजूत होते. पण वेदान्ती भ्रमाचे दोन प्रकार मानतात. साप निरुपाधिक भ्रमातला: खरं कळताच जातो. आकाशाचा निळेपणा सोपाधिक. वर निळं छत नाही हे कळल्यावरही आकाश निळंच दिसतं. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या भाष्यात आचार्य दोन चंद्र दिसण्याचं उदाहरण देतात. चंद्र एकच आहे हे पटलं, तरी दोन दिसायचे राहत नाहीत. तसंच बाधित झालेलं मिथ्याज्ञानही संस्कारांच्या जोरावर काही काळ चालू राहतं, आणि प्रारब्ध संपेपर्यंत ज्ञान्याचा देह टिकतो. तेव्हा ज्ञान्यालाही गाडी दिसते आणि तोही बाजूला होतो. मृगजळ ओळखलेल्यालाही ते दिसतंच. पाण्याच्या आशेनं तो तिकडे धावत नाही, एवढंच.

इथवर माझं आचार्यांशी पटतं. अडतं ते पुढे, आणि खरं तर तुम्ही हेच विचारायला हवं होतंत: हे अज्ञान मुळात कुणाचं? ब्रह्माचं म्हणावं, तर ते ज्ञानस्वरूप. जीवाचं म्हणावं, तर जीवपण हीच अज्ञानाची करणी. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात, शंकराचार्यांच्या मायावादावर सात आक्षेप घेतले, त्यांतला पहिला हाच. खुद्द अद्वैत्यांतही यावर दोन घराणी झाली, दोन टीकाग्रंथांच्या नावांनी ओळखली जाणारी. भामतीवाले अज्ञान जीवाच्या ठायी मानतात, विवरणवाले ब्रह्माच्या. शंकराचार्य मात्र एका ओळीत उडवून लावतात: “यस्त्वं पृच्छसि तस्य ते”, जो तू विचारतो आहेस, त्या तुझंच. उत्तर चपखल आहे, पण त्यानं रामानुजांचं समाधान झालं नसतं, आणि माझंही होत नाही.

म्हणून मी ज्ञानेश्वरांकडे वळतो. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचीच उलटतपासणी घेतात. अज्ञान ज्याच्या ठायी असेल त्याला ते अज्ञानी करणार. मग ‘अज्ञान आहे’ हे कळणार कुणाला? आणि अज्ञानी करत नसेल, तर ते अज्ञान कसलं? या पेचात धरून ते त्याला पार निकालात काढतात. मग जगाचं काय? चांगदेव पासष्टीत सोन्याचा दाखला आहे. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण तसूभरही उणं होत नाही, तसा आत्मा काहीही न गमावता जग होऊन नांदतो. इथे आत्म्याला झाकणारं अज्ञानच मुळात नाही.

ज्ञानेश्वर मायावादी की चिद्विलासवादी (जग म्हणजे चैतन्याचाच विलास मानणारे), हा अभ्यासकांतला जुना वाद. मी दुसऱ्या बाजूचा. शांकरमताचे माझे मित्र म्हणतात, ज्ञानेश्वरांनी अज्ञान नाकारलं ते परमार्थात, व्यवहारात ते मानतातच. आणि पुरावा म्हणून ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातलं मायानदीचं लांबलचक रूपक पुढे करतात. त्या रूपकावर माझ्याकडे एकच म्हणणं आहे: ते गीतेच्या श्लोकावरचं निरूपण आहे, तर अमृतानुभव त्यांचा स्वतंत्र ग्रंथ. मित्रांना ते अजून पटलेलं नाही.