घरावर आलेलं धुकं

आमच्या वेंगुर्ल्याच्या दुकानात बाबांनी तीसेक वर्षं फ्रेमा बांधल्या. देवांचे फोटो, लग्नाचे, गेलेल्या माणसांचे. पुढे काच, मागे पुठ्ठा, कडेने खळीने चिकटवलेली कागदी पट्टी. मी कॅनव्हासवर छापायचं मशीन आणलं तेव्हा त्यांनी पहिला प्रिंट उजेडाकडे धरला, कडेला बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "बाये, काच पुसूक येता. ह्यां कापड कसां पुसतलंस?"

तेव्हा मी म्हटलं, वरून पारदर्शक लेपाचा कोट मारतात, पुसता येतं. कोट कसा मारतात ते मात्र मला ऑगस्ट २०२२ मध्ये कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

मुंबईहून एक काका आले होते. त्यांचं कुडाळकडचं घर हायवे चौपदरी झाला त्यात गेलं. उरला होता एक फोटो, रोलच्या कॅमेऱ्यातला, पोस्टकार्डाएवढा. चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, खळ्यात तुळस, आणि ओटीवर सूप घेऊन बसलेली त्यांची आजी. तिच्या मागे उघडा दरवाजा, आत मिट्ट काळोख. तो त्यांना २४ बाय ३६ इंचात हवा होता. नव्या घरातली पहिली चतुर्थी ३१ तारखेला, गणपतीच्या खोलीत लावायचा होता. मी तो फोटो स्कॅन करून दोन रात्री त्यावरचे ओरखडे काढत बसले होते. आजीच्या नाकातली नथ दिसायला लागली तेव्हा मला फार बरं वाटलं.

प्रिंट सकाळी काढला आणि संध्याकाळीच कोट मारला. बाहेर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. पातळ दोन हात द्यायचे ते सोडून, वेळ वाचावा म्हणून मी एकच जाड हात दिला. सकाळी दुकान उघडलं तर दरवाजातला काळोख दुधासारखा पांढुरका झालेला. काका बघायला आले, चित्रासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "धुकां इलां काय गो घरावर?" ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

असं का होतं हे मी नंतर नीट समजून घेतलं. पाण्यातला ॲक्रिलिक कोट डब्यात दुधासारखाच दिसतो. राळेचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा सलग पापुद्रा बनतो आणि तो पारदर्शक होतो. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर कोटातलं पाणी जाणार कुठे? पापुद्रा अर्धवट जुळतो आणि दूध दूधच राहतं. त्यात मी मॅट कोट वापरला होता. त्यातली चकाकी मारणारी पूड जाड थरात आणखी पांढरी दिसते, आणि सगळ्यात आधी काळ्या रंगावर दिसते. वर आणखी माझी घाई. शाईतही पाणी आणि हळूहळू उडणारी द्रव्यं असतात. ती बाहेर पडायच्या आत मी वरून झाकण घातलं होतं.

पुन्हा छापलं. या वेळी घरातली झोपायची खोली रिकामी केली, एसी ड्राय मोडवर लावला आणि प्रिंट दोन दिवस नुसता उघडा ठेवला. भिंतीवर आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर टांगला. दुकानात तो ९० च्या वर होता, खोलीत ६० च्या खाली आला. मगच डबा उघडला.

डबा हलवायचा नाही, हे सगळ्यात आधी सांगते. हलवला की फेस होतो, आणि फेसाचे बुडबुडे कॅनव्हासच्या विणीत अडकून सुकले की सुईने टोचल्यासारखी भोकं राहतात. बांबूच्या काडीने तळापासून सावकाश ढवळायचं, कारण मॅटची पूड तळाशी बसलेली असते. मग जुन्या मलमलीतून गाळून ट्रेमध्ये घ्यायचं. चार इंची फोमचा रोलर आधी किंचित ओला करून पिळून घेते. पहिला हात आडवा, पातळ. एवढ्या मोठ्या चित्राला चहाचा एक कप पुरतो. एकदा फिरवलेल्या जागी पाच मिनिटांनी परत रोलर न्यायचा मोह होतो, तो आवरायचा. अर्धवट सुकलेला थर उचलला जातो. सुकू लागल्यावर टॉर्च अगदी बाजूने, चित्राला लागून धरते. जिथे कोट चुकलाय ती जागा लगेच कोरडी, निस्तेज दिसते. दुसरा हात उभा, दुसऱ्या दिवशी.

चौकटीवर ताणायचं ते कोट पूर्ण सुकल्यावर. कॅनव्हासवरचा शाई धरणारा पांढरा थर ठिसूळ असतो, नुसता ताणला तर कडेच्या घडीवर फुटतो आणि पांढरी रेघ उमटते. कोट त्याला थोडं लवचीक धरून ठेवतो. आणि शाई पिगमेंटची हवी, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची. डाय शाई पाण्यात विरघळते, रोलर फिरवला की आजीची नथ गालावर येईल.

काकांना चित्र ३० तारखेला रात्री पोचवलं. पैसे एकाच प्रिंटचे घेतले.

त्यानंतर मी पावसाळ्यात दुकानात कोट मारणं बंद केलं. जून ते सप्टेंबर आमच्या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चपला एका रात्रीत हिरव्या होतात. तिथे उघड्यावर कोट सुकवायचा म्हणजे दुसऱ्याच्या आठवणीशी खेळ. चतुर्थीच्या ऑर्डरी मी मे महिन्यात घेते. उशिरा येणाऱ्याला एसीच्या खोलीतलेच आठवडाभराचे दिवस सांगते. काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे खेळायचे पत्ते हाताने रंगवणारे कारागीर बसतात, तिथे एकदा मी तासभर उभी होते. राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला पुन्हा उभी केली म्हणून आज बघायला मिळते. चिंचोक्याची खळ, खडूची पूड, घोटून केलेला गुळगुळीतपणा, मग रंग, आणि लाखेचा लेप. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते खेळताना घामेजल्या बोटांतून फिरणार, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. याच दमट हवेत त्यांनी चित्र जपायचा विचार चित्र काढण्याइतकाच मनापासून केला होता. लाख कॅनव्हासला चालत नाही, तिचा पिवळेपणा रंगावर चढतो. लाकडाचं तेलाचं वॉर्निशही नको, तेही वर्षागणिक पिवळं पडतं.

कोट सगळ्यातून वाचवत नाही, तेही गिऱ्हाइकाला सांगायला हवं. उन्हाने रंग उडणं तो लांबवतो, थांबवत नाही. पश्चिमेच्या पडवीत चित्र लावू नका. आणि कोट फक्त पुढून असतो. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, मागून बुरशी चढते. म्हणून मी चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागे रबराच्या गुंड्या लावते, बोटभर हवा खेळावी एवढ्या. पिना स्टेनलेस स्टीलच्या. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि तो तांबडा डाग कापडातून पुढे झिरपतो. एक चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळून एसटीने बोरिवलीला गेलं होतं. कोट आठवड्याचाही झाला नव्हता. उघडलं तर समुद्राच्या निळ्यावर ओळीने गोल गोल ठसे. आता मी आठवडा मोजूनच बांधते, आणि प्लास्टिक चित्राला लागू देत नाही.

आता मे चालू आहे. काकांच्या डोंबिवलीच्या बहिणीला त्याच घराचं लहान चित्र हवंय, १२ बाय १८. परवा छापलं, आज दुपारी पहिला आडवा हात दिला. मघाशी दिवा बंद करून टॉर्च बाजूने धरली. तुळशीच्या कठड्यापाशी बोटाएवढी जागा सुटलीय, ती उद्या उभ्या हातात भरेल. आजीच्या मागचा दरवाजा काळाच आहे.