वीस कोकरांचा लॉट: बाजारापासून काट्यापर्यंत

छोटं कोकरू किलोमागे महाग मिळतं आणि तयार झालेलं किलोमागे स्वस्त जातं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडी भागात शंभर दिवसांचा लॉट करणाऱ्यानं, म्हणजे बाजारातून कोकरं आणून, शंभर दिवस खुराकावर वाढवून एकगठ्ठा विकणाऱ्यानं, हे आधी डोक्यात पक्कं करावं. समजा, १४ किलोचं कोकरू ४५० रुपये किलोनं ६,३०० ला पडलं आणि २७ किलोचं होऊन ३५० नं ९,४५० ला गेलं. मधल्या ३,१५० मधून ४० किलो खुराक (३० नं १,२००), ५० किलो वाळली वैरण (८ नं ४००) आणि औषध-लसीचे १०० वजा केले की १,४५० उरतात. वीसातलं एक दगावलं तर त्याची किंमत आणि तोवरचा खुराक उरलेल्या एकोणीसांवर बसतो, प्रत्येकी साडेतीनशेच्या वर. भाव हंगामागणिक हलतात, त्यामुळे आकडे तुमचे तुम्ही घाला. पण खरेदीत नगामागे पाचशे जास्त गेले आणि वर एक मेलं, तर मजुरीसुद्धा सुटत नाही. म्हणून मी लॉट डोळ्यानं चालवत नाही, काट्यानं चालवतो.

खरेदीला तीन ते चार महिन्यांची, आईपासून तुटलेली, १२ ते १५ किलोची नर कोकरं बघायची. बाजारात निम्मं बोलणं कन्नडमध्ये चालतं, तेव्हा मरी म्हणजे कोकरू, टगरु म्हणजे नर आणि हल्लु म्हणजे दात एवढं तरी कानाला ओळखीचं हवं. दख्खनी कोकरू काळं, काटक, कडब्यावरही तग धरणारं. जतकडून येणारं माडग्याळ उंच, बाकदार नाकाचं. वाढीला सरस, पण त्याच्या किमतीत शौकिनांची हौसही धरलेली असते. खाटकाला विकायच्या मालात नाकाचे पैसे परत मिळत नाहीत.

हात लावल्याशिवाय भाव बोलू नये. पाठीचा कणा बोटाला करवतीसारखा लागला तर कोकरू उपाशी किंवा जंतानं खाल्लेलं. खालची पापणी उलटून पाहा: लालसर असेल तर ठीक, पांढरी पडली असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. शेपटीखालची लोकर हगवणीनं चिकटलेली, नाकात शेंबूड, खोकला, खुरात वास, यातलं एक जरी दिसलं तरी पुढं चालावं. पोट गच्च फुगलेलं असेल तर सकाळी मीठ चारून पाणी पाजलेलं असण्याची शक्यता धरायची आणि दोन किलो मनातल्या मनात वजा करायचे.

घरी आणल्यावर पहिले १५ ते २० दिवस नवा माल जुन्या मालापासून लांब. पहिल्या दिवशी फक्त गुळ-मिठाचं पाणी आणि कडबा. दाणा अजिबात नाही. बाजारातून उपाशी आलेलं कोकरू मक्यावर तुटून पडतं, पोटात आंबतं आणि दुसऱ्या दिवशी दात खात पडून राहतं. तिसऱ्या दिवशी वजन करून, त्या वजनाप्रमाणे जंताचं औषध. अंदाजानं कमी पाजलं की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आठवड्यानं आंत्रविषाराची (दाणा जास्त झाला की आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लस, १५ दिवसांनी तिचाच बूस्टर. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस आधी टोचल्याची खात्री नसेल तर तीही, पशुवैद्याला विचारून, दोन लसींत अंतर ठेवून. आंत्रविषारात रोग आधी दांडग्यालाच गाठतो, कारण दाणा सगळ्यात जास्त त्यानंच खाल्लेला असतो. रात्री ठीक, सकाळी ताठ. बूस्टर व्हायच्या आत खुराक वाढवायची घाई करणाऱ्यांच्या गोठ्यात हे हमखास घडतं.

खुराकाचं शंभर किलोचं माप असं: मका भरडा ५० किलो, शेंगपेंड २०, हरभरा चुणी १५, गव्हाचा कोंडा ११, चुनखडी भुकटी १, मिनरल मिक्स्चर २, मीठ १. यातून साधारण १६ ते १७ टक्के प्रथिनं मिळतात. मका जाडसर भरडावा. पीठ केलं की पोटात लवकर आंबतो. शेंगपेंड पावसाळ्यात हातात घेऊन हुंगायची, कुबट वास आला तर फेकायची. बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. गाई-म्हशींचं मिनरल मिक्स्चर मेंढरांना घालू नये. त्यात तांबं जास्त असतं, ते मेंढरांच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी कोकरू पिवळं पडून काळपट लाल मुततं. तोवर उपाय उरलेला नसतो. दुसरं, चुनखडी पैसे वाचवायला गाळू नये. दाणा आणि कोंडा यांत फॉस्फरस जास्त, चुना (कॅल्शियम) कमी, त्यानं मुतात खडे धरतात. नराची मूत्रनळी बारीक, त्यात खडा अडकतो. कोकरू वाकून कुंथायला लागलं, शेपटी हलवतंय पण धार नाही, तर पशुवैद्याला लगेच बोलवा. मीठ आणि दिवसभर भरलेली स्वच्छ पाण्याची कुंडी हाच यावरचा स्वस्त विमा.

दाण्याची सुरुवात माणशी नव्हे, कोकरी रोज ५० ग्रॅमनं करायची. दर तीन दिवसांनी तेवढंच वाढवत चौथ्या आठवड्यात ३५० ते ४०० वर यायचं, शेवटच्या महिन्यात ५०० पर्यंत. सकाळ-संध्याकाळ दोन हप्त्यांत, आणि आधी वैरण, मग दाणा. गव्हाणीत प्रत्येक कोकराला फूटभर जागा हवी, नाहीतर दांडगी दोघांचं खातात आणि शेवटची चार तशीच राहतात. ती वेगळी काढून बांधली की महिन्यात लॉट सारखा होतो. गोठ्यात नगाला ८ ते १० चौरस फूट पुरे. जमीन मात्र कोरडी हवी. खानापूरकडच्या पावसात ओल्या जमिनीवर खुरं कुजतात. लंगडणारं कोकरू गव्हाणीपर्यंत जातच नाही.

वैरणीत तूर किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि शेंगाचा पाला मिळाला तर कडब्यापेक्षा बरा. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) इकडं फुकट मिळतं म्हणून नुसत्या वाढ्यावर माल ठेवणारे बरेच आहेत. वाढ्यातलं ऑक्झॅलेट शरीरातला चुना बांधून ठेवतं. तेव्हा वाढं कुट्टी करून, सुकवून, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यावर कोकरं सोडू नयेत, किरळ लागते, म्हणजे कोवळ्या फुटव्यातलं विष चढतं.

उन्हाळ्यात आणलेल्या मालाची लोकर आधी कातरून घ्यावी. उकाडा कमी झाला की खाणं वाढतं, गोचीड दिसतात, आणि पहिल्या कातरणीचं जावळ घोंगडीवाले मागून नेतात.

दर पंधरा दिवसांनी, सकाळी, दाण्याआधी ताणकाट्यावर वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. रोजची १२० ते १५० ग्रॅम वाढ म्हणजे पंधरवड्याला दोन किलोच्या आसपास. दीड किलोच्या खाली आलेल्यांची आधी पापणी बघायची, मग शेण. जंत नसतील तर गव्हाणीतली दादागिरी. दख्खनी २६ ते २८ किलोवर आलं आणि वाढ मंदावली की विकावं. त्यापुढं तोच दाणा चरबी करतो, आणि चरबीचे पैसे कुणी देत नाही. माडग्याळ ३५ च्या पुढंही ओढता येतं.

बकरी ईदेचा भाव सगळ्यांना हवा असतो. पण ती दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येते, त्यामुळे लॉट कधी भरायचा हे दरवर्षी नव्यानं मोजावं लागतं. शिंग मोडलेलं, कान कापलेला, लंगडं चालत नाही. वयाचाही नियम आहे: मेंढी वर्षाची हवी, सहा महिन्यांच्या वरचं कोकरू वर्षाच्या मापाचं दिसत असेल तर चालतं. शंभर दिवसांचा सडपातळ माल त्या बाजारात नेऊन मिरवू नये. त्याला दसऱ्याचं गिऱ्हाईक बरं.

व्यापारी नगावर, डोळ्यानं भाव बोलतो. त्याच्या डोळ्याला २७ किलोत साडेबारा-तेरा किलो मटण दिसत असतं, म्हणून आपल्यालाही ते दिसलं पाहिजे. शक्यतो सौदा गोठ्यातच, आपल्या काट्यावर करावा. टेम्पोत घालून बाजारात नेलेला माल वाटेत हगून-मुतून वजन सोडतो, आणि संध्याकाळी परत आणायचं भाडं समोर दिसायला लागलं की भाव आपणच खाली आणतो. माल गेला की लेंडीखत तळापर्यंत उपसून ऊसवाल्याला द्यायचं, जमिनीवर चुना मारायचा आणि पुढची वीस आणायच्या आधी गोठा पंधरा दिवस रिकामा ठेवायचा.