नवापुरात रांचीचा लुथरन

ऑफिसातला मित्र रांचीचा, उरांव आदिवासी, लुथरन (म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचा ख्रिस्ती). इकडे त्याला आपल्या पंथाचं चर्च काही सापडलं नाही, म्हणून नवापूरच्या ख्रिस्ती मंडळीत जातो. आज मीही गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत मावची या इथल्या आदिवासी बोलीतली गाणी. पठ्ठ्याला शब्द कळत नव्हते, टाळी मात्र एकही चुकली नाही!

मग स्टेशनवर (तेच, अर्धं गुजरातेत असलेलं) चहा घेताना खुलला. १८४५ ला चार जर्मन मिशनरी रांचीत आले. पहिल्या चार उरांवांचा बाप्तिस्मा व्हायला १८५० उजाडलं. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मनांना हाकललं आणि १९१९ मध्ये त्यांचं चर्च स्वायत्त झालं, कारभार आदिवासींच्याच हाती. मला लुथर म्हणजे शाळेतल्या इतिहासाच्या दोन ओळी. गाडी चुकली, पण दुसरा चहा झाला.