डरहॅममधला उद्याचा पिचर

2024 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे लेकीकडे सात आठवडे राहिलो. या काळात नायगारा पाहिला, वॉशिंग्टन पाहिले, स्मोकी पर्वतांत धुक्यातून दोन दिवस हिंडलो आणि या सर्वांची छायाचित्रे नातेवाइकांच्या ग्रुपवर यथासांग टाकून झाली. त्यांविषयी मला अधिक काही लिहायचे नाही. लिहायचे आहे ते शेजारच्या डरहॅम शहरातील एका बेसबॉल मैदानाविषयी, किंवा खरे सांगायचे तर तेथे माझ्या डाव्या हाताला येऊन बसलेल्या एका मुलाविषयी.

जुलैतल्या त्या शुक्रवारी मी मैदानावर गेलो तो जावयाचे मन मोडू नये म्हणून. पंचवीस वर्षे मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये मध्यमगती गोलंदाजी केलेल्या, आणि त्यापायी उजवा खांदा कायमचा गमावून बसलेल्या माणसाला बेसबॉल म्हणजे फुलटॉसचा खेळ वाटतो. त्यातून संध्याकाळचे सात वाजले तरी हवेतला दमटपणा दादरच्या मे महिन्याला लाजवील असा होता, आणि प्रत्येक दोन डावांच्या मधल्या वेळेत कर्ण्यातून इतका कल्लोळ चाले की शेजारच्याशी बोलणे अशक्य व्हावे. वूल ई. बुल नावाचा बैलाचा पोशाख घातलेला एक इसम धावत होता, मुलांच्या शर्यती चालू होत्या, प्रेक्षकांत टी-शर्ट फेकले जात होते. या लोकांना दोन मिनिटांची शांतता सोसत नाही, असे माझे ठाम मत झाले आणि ते अजून बदललेले नाही.

मैदान मात्र देखणे आहे. 1995 साली बांधलेले, साधारण दहा हजार माणसांचे, आणि पलीकडे तंबाखूच्या जुन्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारती. डावीकडच्या उंच निळ्या भिंतीवर एक भलामोठा लाकडी बैल उभा आहे. आपल्या संघाने होम रन, म्हणजे इथला षटकार, मारली की त्याचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर निघतो आणि शेपूट हलते. बैलाला चेंडू मारणाऱ्या खेळाडूला स्टेक आणि खालच्या गवताला मारणाऱ्याला सॅलड मिळेल, असे त्यावर लिहिलेले आहे. मिठाने माखलेल्या प्रेट्झेलवर रात्र काढणाऱ्या माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला त्या गवताविषयी जी आपुलकी वाटली, ती सौभाग्यवतींना अजिबात विनोदी वाटली नाही.

तिसऱ्या इनिंगच्या सुमारास बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटमागच्या आमच्या रांगेत एक साडेसहा फुटी मुलगा येऊन बसला. अंगात साधा पोलो शर्ट, मांडीवर फळीला लावलेला कागद, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर तो एक खूण करी. मला वाटले, महाविद्यालयाचा काही प्रकल्प असावा. विचारल्यावर तो संकोचून म्हणाला, “नाही सर, मी पिचर आहे. उद्या माझी पाळी आहे.”

ज्याची पाळी पुढे आहे, त्या पिचरने, म्हणजे इथल्या गोलंदाजाने, प्रेक्षकांत बसून आजच्या प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायची, ही या खेळातील जुनी रीत आहे. चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण हे सारे आता छतावरचे कॅमेरे अचूक मोजतात. मग पेन्सिल कशाला, असे मी विचारले. त्याने दिलेले उत्तर मला अजून आठवते. यंत्र सांगते की चेंडू किती इंच वळला. बॅटरचा पुढचा गुडघा केव्हा वाकला ते मी लिहितो. उद्या याच बॅटरना मला टाकायचे आहे.

हे वाक्य ऐकल्यावर माझे फुलटॉसचे तत्त्वज्ञान मी खिशात घातले आणि पुढच्या सहा इनिंग्ज त्याला प्रश्न विचारण्यात घालवल्या. कर्णा वाजू लागला की आम्ही दोघे थांबत असू.

या मैदानाचा संघ डरहॅम बुल्स हा मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतील टँपा बे रेज या संघाचा ट्रिपल-ए, म्हणजे लगेच खालच्या पायरीचा, संघ आहे; 1998 पासून हे नाते आहे. खालून वर येण्याची शिडी चार पायऱ्यांची: साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन, केंटकीतील बोलिंग ग्रीन, अलाबामातील माँटगोमेरी आणि मग डरहॅम. (माँटगोमेरीच्या संघाचे नाव बिस्किट्स असे आहे. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.) वर काढायचा तो होतकरू मुलगा, त्याला ते प्रॉस्पेक्ट म्हणतात, या शिडीवर फार जपून चढवला जातो: किती चेंडू टाकायचे, किती दिवस विश्रांती द्यायची, कोणता नवा चेंडू शिकवायचा, हे सारे वरून ठरते. ब्लेक स्नेल हा पिचर 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बावन्नावा निवडला गेला, 2015 च्या एकाच मोसमात तीन पायऱ्यांवर खेळत डरहॅमला आला, 2016 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पहिला सामना खेळला आणि 2018 मध्ये 21 विजय मिळवून सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याचे नाव काढताना माझ्या शेजाऱ्याचा आवाज आपल्याकडे शिवाजी पार्कवर सचिनचे नाव काढताना होतो तसा झाला.

“तूही प्रॉस्पेक्ट का?” मी विचारले.

“नाही सर,” तो हसून म्हणाला, “मी डेप्थ आहे.”

स्वतःविषयी असे बोललेला माणूस मी प्रथमच पाहिला. डेप्थ म्हणजे खोली हा शब्दकोशातला अर्थ येथे उपयोगाचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करतात, डाळी-पापड-लोणच्यांचे डबे भरून फळीवर ठेवतात, तसा हा प्रकार आहे. मेजर लीगचा मोसम 162 सामन्यांचा. सामना नऊ इनिंग्जचा. म्हणजे वर्षाकाठी साडेचौदाशेच्या आसपास इनिंग्ज कोणाकडून तरी टाकून घ्याव्याच लागतात. 26 जणांच्या चमूत पिचर अधिकाधिक 13 ठेवता येतात, आणि त्यांची कोपरे तर काचेची. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातील कंडरा बसवून त्याला पुन्हा उभे केले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने चालते आणि ती झाली की वर्ष-दीड वर्ष गेलेच म्हणून समजावे. टँपाचा पिचर शेन मॅक्लॅनहन त्याच कारणाने 2024 चा सबंध मोसम बाहेर होता. त्याच संघाच्या शेन बाझचा 2023 चा मोसम असाच वाया गेला आणि तो डरहॅममधून त्याच जुलैमध्ये नुकताच वर गेला होता. अशा वेळी कोणता तरी डबा उघडावा लागतो. काही डबे मात्र गणपती आले तरी उघडलेच जात नाहीत, हे आपल्या घरांतही आपण पाहतोच.

हा मुलगा 2018 च्या ड्राफ्टमध्ये बाविसाव्या फेरीत निवडला गेला होता. तेव्हा चाळीस फेऱ्या असत. 2021 पासून वीसच आहेत. “माझी फेरी आता अस्तित्वातच नाही,” असे तो म्हणाला, आणि ते त्याने अनेकदा म्हटलेले असावे, कारण विनोद अगदी वेळेवर आला. 2020 मध्ये साथीमुळे मायनर लीगचा, म्हणजे मेजरखालच्या या सगळ्या पायऱ्यांचा, मोसम झालाच नाही, तेव्हा तो गावी गोठ्याच्या भिंतीला टांगलेल्या गादीवर चेंडू टाकत राहिला. पुढच्या वर्षी मेजर लीगने संलग्न संघांची संख्या 160 वरून 120 वर आणली आणि त्यात त्याला पहिल्या संघाने मोकळे केले. मग येथे करार मिळाला. खेळाडूंच्या संघटनेने 2023 मध्ये केलेल्या करारानंतर ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला 35,800 डॉलर झाला. त्यापूर्वी तो याच्या निम्माही नव्हता आणि हिवाळ्यात हा मुलगा गोदामात खोकी उचलत असे. वर मेजर लीगमध्ये 2024 साली किमान पगार होता 7,40,000 डॉलर, म्हणजे दिवसाला जवळजवळ चार हजार. नऊ दिवस वर काढले तर येथले वर्ष निघते, हा हिशेब त्याने मला आपणहून सांगितला. पण वर जाण्यासाठी आधी 40 जणांच्या यादीत नाव लागते आणि त्याचे नाव त्या यादीत नव्हते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्या क्लबात मी बारा वर्षे असाच होतो. पहिल्या दोघा गोलंदाजांपैकी एकाचा पाय मुरगळला किंवा परीक्षा आली की पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू माझ्या हाती येई, आणि तो बरा झाला की मी पुन्हा नेटमध्ये. माझ्या त्या अवस्थेला मी नेहमी अन्याय असे नाव देत आलो. या मुलाने आपल्या अवस्थेला पदनाम दिले होते, आणि त्या पदावरून तो आपले काम करीत होता. मला त्याचे कौतुक वाटले की राग आला, हे मी अजून नीट सांगू शकत नाही.

मी त्याला आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशातील हे दोन भालाफेकपटू, ज्यांनी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता, 2008 मध्ये पिट्सबर्गच्या संघाने करारबद्ध केले. दिनेश 2010 मध्ये सुटला, रिंकू खालच्या पायरीपर्यंत पोहोचला आणि पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. मुलाने पेन्सिल थांबवून विचारले, “त्यांचा चेंजअप कसा होता?” मला काय ठाऊक! चेंजअप म्हणजे फास्टबॉलच्याच हातवेगाने टाकलेला, पण तळव्यात खोल धरल्यामुळे आठ-दहा मैलांनी हळू निघणारा चेंडू. आपल्या हळुवार चेंडूचा चुलतभाऊ. संघाने त्याची पकड वसंतात बदलायला लावली होती आणि आता त्या एका चेंडूवर त्याचे सगळे अवलंबून होते. त्याने खिशातून चेंडू काढून पकड दाखवली. माझ्या बोटांत ती बसेना; वयामुळे म्हणा, खांद्यामुळे म्हणा.

दुसऱ्या दिवशी आम्हाला मराठी मंडळाच्या एका जेवणाला जायचे होते. मी पोट बिघडल्याचे सांगितले आणि एकटाच टॅक्सीने डरहॅमला गेलो. हे लेकीला हा मजकूर वाचूनच कळेल.

फलकावर त्याचे नाव नव्हते. वरच्या संघातला एक नावाजलेला पिचर दुखापतीनंतर सरावासाठी खाली आला होता आणि अशा पाहुण्याला पहिल्या इनिंग्ज द्याव्याच लागतात. शेजारच्या वृद्ध द्वारपाल बाई मला म्हणाल्या, “आज गर्दी त्याच्यासाठी आहे, नशीबवान आहात.” बाई अत्यंत प्रेमळ होत्या, त्यांनी मला सावलीतली खुर्ची पुसून दिली, पण त्या क्षणी मला त्यांच्याशी बोलावेसे वाटले नाही. तीन इनिंग्ज झाल्यावर पाहुणा टाळ्यांच्या गजरात आत गेला, निम्मे लोक खाण्याच्या रांगेकडे वळले आणि राखीव पिचर तयारी करतात त्या बुलपेनमधून कालचा माझा शेजारी मुलगा धावत आला.

मी प्रेट्झेलच्या कागदाच्या मागे, त्याने शिकवल्याप्रमाणे, खुणा करू लागलो. पहिली इनिंग साफ गेली. दुसऱ्या इनिंगमध्ये दोन बाद, दोन स्ट्राइक, आणि त्याने चेंजअप टाकला. बॅटरचा पुढचा गुडघा वाकला. मी तो पाहिला, आणि बेसबॉलमध्ये मी पाहिलेली ती पहिली गोष्ट होती. पंचांनी तिसरा स्ट्राइक म्हणून हात उंचावून बाद दिले. तेवढ्यात बॅटरने हेल्मेटवर टपली मारली. ट्रिपल-एमध्ये असे केले की निवाडा कॅमेऱ्याकडे जातो. फलकावर चेंडूचे चित्र फिरले, स्ट्राइकच्या चौकटीच्या केसभर बाहेर थांबले आणि बाद रद्द झाले. पुढच्याच चेंडूवर दोन बेसचा फटका बसला, त्यानंतर आणखी एक, आणि एक धाव झाली.

तो तिसरीही इनिंग टाकून आत गेला. एकूण 41 चेंडू, त्यांत माझ्या मोजणीप्रमाणे नऊ चेंजअप. तो कागद मी मुंबईला आणला आहे. त्या एका चेंडूपुढे पंचांची खूण करावी की यंत्राची, हे मला तेथे ठरवता आले नाही, म्हणून मी गुडघा वाकल्याची खूण करून ठेवली आहे.